डावखुरी अँटेना

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या दाट पिकात मादी पिल्लं घालते, ती तिथंच मोठी होतात, डोंगरातलं रान त्यांना ठाऊकही नसतं. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं ते उगीच नाही. त्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येणारी. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी भरायला माणसाला अंधारात विहिरीवर जावंच लागतं.

खोडदच्या अलीकडच्या एका गावात आण्णा असेच जायचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. विहिरीशेजारी शेळ्यांचा गोठा होता. पावसाळा सरता सरता एका रात्री गोठ्यातली शेळी गेली. सकाळी पाहिलं तर पावलांचे ठसे मोटारीच्या स्टार्टरपाशी येऊन, तिथं थोडं घुटमळून परत फिरले होते. आण्णा रोज जिथं उभे राहून बटण दाबत, नेमके तिथं. त्या दिवसापासून आण्णा घरी येईपर्यंत घरातलं कुणी झोपेना. आजी तर ओट्यावरच बसून राही.

थोरला मुलगा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला घरात सगळे दादा म्हणत. धाकटी चिंगी नववीत. दादाच्या डोक्यात आलं, विहिरीवर रात्रीचं दिसणारा कॅमेरा बसवावा आणि आण्णांनी घराबाहेर पडण्याआधी गोठा आणि स्टार्टर टीव्हीवर पाहून घ्यावा. विहीर खोलगटात, तिथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून सिमकार्डचा कॅमेरा बाद. त्यानं साठवलेल्या पैशांतून बिनतारी चित्र पाठवणारा एक छोटा संच आणला. 5,800 मेगाहर्ट्झचा, 25 मिलिवॉटचा. ट्रान्समीटर बोटाएवढा, त्याला काडीसारखी अँटेना. टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला चित्र लख्ख आलं. विहिरीवर नेऊन लावला, तर पाऊण किलोमीटरवरच्या घरात टीव्हीवर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांतून गोठ्याची कड कधी दिसायची, कधी नाही.

दादानं सरळ हिशेब केला: ताकद कमी पडते, तर ताकद वाढवायची. शहरातल्या एका ओळखीच्याकडून त्यानं दुसरा संच मिळवला. एक वॉटचा, म्हणजे चाळीसपट ताकदीचा, आणि 1,280 मेगाहर्ट्झवर चालणारा. लहर जितकी लांब तितकी ती ओल्या पाल्यातून कमी शोषली जाते, हे त्यानं वाचलं होतं आणि ते खरंच आहे. 5,800 मेगाहर्ट्झची लहर सव्वापाच सेंटिमीटरही भरत नाही, 1,280 ची साडेतेवीस सेंटिमीटरच्या आसपास. नवा संच पहिल्याच रात्री चालला. उभ्या उसाच्या पलीकडून गोठा, शेळ्या, स्टार्टरची पेटी, सगळं स्वच्छ दिसलं. आजीनं टीव्हीला हात जोडले. आण्णा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री काठी नेहमीसारखी घट्ट धरली नव्हती, असं चिंगी सांगते.

गावात ही बातमी तात्यांच्या कानावर गेली. तात्या म्हणजे गावचे जुने टीव्ही मेकॅनिक. सिंहगडावरून पुण्याचं प्रक्षेपण सुरू झालं ते 1973 साली. त्यानंतरची कितीतरी वर्षं तात्या वाड्यांच्या माळवदांवर बांबू उभे करत होते, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या जोडत होते आणि वरून ओरडत होते, ‘आलं का? आता आलं का?’ पुढं खोडदला मोठ्या दुर्बिणीचं काम निघालं तेव्हा तिच्या तबकड्यांना जाळी ताणायच्या कामावरही ते जाऊन आले होते. ते आले, चहा घेतला, चित्र पाहिलं, मान डोलावली. मग विचारलं, “किती मेगाहर्ट्झ?”

दादानं आकडा सांगितला. तात्यांनी कप खाली ठेवला. “चल माझ्यासंगं.”

गावामागच्या टेकाडावर चढलं की खोडदच्या तबकड्या दिसतात. जीएमआरटी, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीनं आणि सोळा तीन दिशांना फाकलेल्या, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती इथं उभारली, कारण आजूबाजूच्या डोंगरांनी शहराचा रेडिओ-गोंगाट अडवला जातो आणि हा पट्टा तेव्हा शांत होता. तबकडीला भरीव पत्रा नाही, अर्ध्या मिलिमीटरहून जराशा जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. जाळीचं भोक लहरीपेक्षा पुष्कळ लहान असलं की लहरीला ती जाळी भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर उभी राहते. आपल्या माणसांनी स्वस्तात, डोकं लढवून केलेलं हे काम आहे आणि ते आपल्या तालुक्यात आहे, याचा अभिमान तात्यांना आजही आहे. मला तो अभिमान रास्त वाटतो.

“ह्या बोलत न्हाईत,” तात्या म्हणाले. “एक शब्द न्हाई. नुसत्या ऐकतात. 1,450 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतात. हायड्रोजनची हाक 1,420 ला येते, तीबी ह्यात. लांबची असली तर आणखी खालच्या आकड्याला येते. तुझं यंत्र 1,280 ला एक वॉटनं बोंबलतंय.”

चिंगीही मागून आली होती. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला ती शाळेबरोबर खोडदला जाऊन आली होती. तिथं तिनं ऐकलं होतं, की 2023 च्या सुरुवातीला एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण याच दुर्बिणीनं टिपल्याचं जाहीर झालं. ती लहर निघाली तेव्हापासून सुमारे 8.8 अब्ज वर्षं वाटेत होती. पृथ्वी तेव्हा नव्हती. वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी आली, तिच्या गुरुत्वाकर्षणानं ती लहर एकवटली, ठळक झाली, म्हणून ऐकू तरी आली.

दादा चिडला. चिडणारच. “तात्या, आण्णांचा जीव महत्त्वाचा का ते हायड्रोजन?”

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आण्णाचा जीव आधी. म्हणून आज रातच्यापासून मी त्याच्यासंगं विहिरीवर जाणार. तूबी चल. पण हे यंत्र आत्ता बंद कर. त्याला परवाना न्हाई, आन् ते ह्यांच्या कानात ओरडतंय.”

या गोष्टीत मला तात्यांचं हे बोलणं सगळ्यांत मोठं वाटतं. दुसऱ्याला थांब म्हणणं सोपं असतं. त्याच्या थांबण्याची किंमत आपल्या पायांनी मोजायला सत्तरीतला माणूस रात्री बाराला उठून चिखलातून चालतो, हे सोपं नाही. पुढचे काही दिवस तिघं जण मिळून पाणी भरायला गेले. आण्णा, तात्या आणि दादा. मोठमोठ्यानं बोलत, डबा वाजवत.

दिवसा तात्यांच्या पडवीत काम सुरू झालं. तात्यांनी दादाला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली. “पलीकडच्या बांधावरून कुणी हाक मारली, ऐकू आली न्हाई, तर तू काय करतोस? कानामागं हात धरतोस. त्याला घसा फोडायला लावत न्हाईस. अँटेना म्हंजे तो हात.” मग कागदावर हिशेब मांडला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते, तिप्पट करायचं तर नऊपट. पण ऐकणाऱ्या बाजूची अँटेना दहापट चांगली केली, तर बोलणाऱ्याला आवाज न वाढवता अंतर तिपटीच्या वर जातं. हवेत गोंगाट वाढत नाही, बॅटरीही जास्त खात नाही.

आधी त्यांनी तो जुना 25 मिलिवॉटचा संच मागवला, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि अँटेनेचा आटा उलगडला. या संचांचे जोड दोन जातींचे येतात. बाहेरून दोन्ही सारखेच, एकमेकांत बसतातही घट्ट. पण एकात मधली पिन एका बाजूला असते, दुसऱ्यात ती उलट बाजूला. चुकीची जोडी जमली की आटे बसतात आणि आत भोकासमोर भोक येतं. दादाच्या ट्रान्समीटरचं तेच झालं होतं. त्याची अँटेना त्याला जोडलेलीच नव्हती. काडी नुसती डोक्यावर मिरवत होती.

“असा अँटेनेवाचून चालवला की ताकद बाहेर पडायला वाट राहत न्हाई. आतच तापतो, जळतोबी. पंचवीसच मिलिवॉट होता म्हणून वाचला,” तात्या म्हणाले. दादानं हिशेब ताकदीपासून सुरू केला होता. तात्यांनी तो जोडापासून सुरू केला.

जोड बदलल्यावर मुंग्या कमी झाल्या, पण उसातून चित्र काही धड येईना. मग तात्या म्हणाले, “आता तिपानी करू.” तीन पाकळ्यांची ही अँटेना हौशी लोक छोट्या विमानांवर आणि ड्रोनवर लावतात. बोलणाऱ्या टोकाला तीन पाकळ्या, ऐकणाऱ्या टोकाला चार. तार लागते ती सीओटू वेल्डिंगची, तांब्याचा मुलामा असलेली, 0.8 मिलिमीटरची. रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हातभर तुकडा मागितला तर पैसेही घेत नाहीत. प्रत्येक पाकळीला एका लहरीएवढी तार, म्हणजे जवळपास 52 मिलिमीटर. दोन्ही टोकांकडून सुमारे 13 मिलिमीटर सरळ, मधला भाग कमानीसारखा. एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं बाहेरच्या आवरणाला. आणि प्रत्येक पाकळी 45 अंशांनी कललेली.

तात्यांच्या काळी टीव्हीच्या लहरी मीटरात मोजायच्या, दांडी दोन बोटं कमी-जास्त झाली तरी चालायची. इथं एक मिलिमीटर चुकला की आकडा शंभर मेगाहर्ट्झनं सरकतो. तात्यांचे हात आता थरथरतात, दादाला घाई असते. नेमकं कापणं, वाकवणं आणि सोल्डर करणं आधी चिंगीला जमलं. तिनं जाड पुठ्ठ्याचा साचा केला, कंपासपेटीतल्या कोनमापकानं 45 अंश आखले, तारेचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून लांबी पारखली आणि मग सोल्डरिंगची गन हातात घेतली. हातानं केलेलं काम पाहून ज्यांना आनंद होतो त्यांनी ती चार पाकळ्यांची अँटेना पाहायला हवी होती.

चार पाकळ्यांची चिंगीनं केली घरी. तीन पाकळ्यांची दादानं केली कॉलेजच्या हॉस्टेलवर. शनिवारी दोन्ही लावल्या आणि टीव्हीवर आधी दिसत होतं तेवढंही दिसेना.

दादा म्हणाला, “घरी केलेलं असंच असतं.” चिंगी काही बोलली नाही. तिनं दोन्ही अँटेना शेजारी शेजारी धरल्या, मग स्वतःची घेऊन आरशासमोर गेली. आरशातल्या अँटेनेच्या पाकळ्या दादाच्या अँटेनेसारख्या कललेल्या होत्या. बाहेरच्या मात्र उलट. दोघांचं काम चोख होतं, पण एकाची उजवी झाली होती आणि दुसरीची डावी.

अशा अँटेनेतून निघणारी लहर मळसूत्रासारखी फिरत पुढं जाते, उजवीकडून नाही तर डावीकडून. उजव्या फिरकीची अँटेना उजवी लहर घेते, डावी जवळजवळ सोडून देते. हाच तिचा मोठा गुण. गोठ्याच्या पत्र्यावर किंवा घराच्या भिंतीवर आपटून परत येणारी लहर उलट्या फिरकीची होते. साध्या काडीला सरळ आलेली आणि आपटून उशिरा आलेली, दोन्ही ऐकू येतात, दोन्ही भांडतात आणि चित्र फाटतं. फिरकीची अँटेना आपटून आलेली लहर ओळखून दाराबाहेर ठेवते. इथं तिनं दादाची मूळ लहरच परकी समजून बाहेर ठेवली होती.

चिंगीनं चार पाकळ्यांची दुसरी अँटेना केली, उजवी. पहिली दादा मोडून तार परत वापरणार होता. तात्यांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि पडवीतल्या खिळ्याला अडकवली.

“राहू दे. चांगली केलीय तिनं. आपल्या कामाची न्हाई, एवढंच.”

आता चित्र आलं, पण वाऱ्यानं ऊस हलला की थरथरायचं. ऐकणाऱ्या टोकाला आणखी जोर हवा होता, एकाच दिशेला कान लावणारा. दादानं पुस्तकात गुंडाळीची अँटेना पाहिली होती, स्प्रिंगसारखी. हॉस्टेलवर एक जण म्हणाला, घरी वळलेल्या स्प्रिंगमधून कधी काही निघत नाही. दादानं कॉलेजातल्या सरांना विचारलं. सरांनी उत्तर न देता त्याला एक हकीकत सांगितली.

1946 साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन क्राउस नावाचे प्राध्यापक होते. एका नामांकित पाहुण्याचं व्याख्यान झालं. विषय होता एक निर्वात नळी, तिच्यात तारेची गुंडाळी असते. व्याख्यान संपल्यावर क्राउस यांनी विचारलं, अशी गुंडाळी अँटेना म्हणून चालेल का? पाहुणे म्हणाले, मी करून पाहिलंय, चालत नाही. त्या उत्तरातला ठामपणाच क्राउस यांना खटकला. गुंडाळीचा घेर एका लहरीएवढा मोठा केला तर ती लहर फेकणार नाही असं कसं होईल? घरी जाऊन तळघरात त्यांनी सात वेढ्यांची गुंडाळी वळली, घेर एका लहरीएवढा, मागं धातूची चकती, आणि बारा सेंटिमीटरच्या लहरीवर जोडून पाहिली. गुंडाळीच्या तोंडातून लहर सरळ पुढं निघत होती आणि गोल फिरत होती. त्या अँटेना पुढं कितीतरी उपग्रहांवर गेल्या.

सर एवढंच बोलले आणि तास घ्यायला निघून गेले.

दादा घरी आला तो थेट टोमॅटोच्या प्लॉटात गेला. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी कापून आणली. घरच्या वायरिंगची जाड तांब्याची तार सोलून तिच्यावर सात वेढे दिले, एका वेढ्यापासून दुसरा पावलहरीवर, म्हणजे 13 मिलिमीटरवर. तारेची जाडी धरून घेर एका लहरीला किंचित वर गेला, तेवढं चालतं. नळीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन असतो, तो लहर खाईल म्हणून गुंडाळी वळून झाल्यावर नळी हळूच काढून घेतली. मागं तांब्याच्या पत्र्याची चकती. गुंडाळीचा रोध केबलच्या जवळजवळ तिप्पट भरतो, म्हणून पहिल्या पाव वेढ्याला तांब्याची चिंचोळी पट्टी सोल्डर केली. दोघांचं त्यामुळं जमतं. आणि वेढे उजवे. या वेळी चिंगीनं ते आधी आरशात पाहून घेतले.

बांबू तात्यांनी उभे केले. विहिरीवरचा पंचवीस फुटी, कारण दोन अँटेनांमधली नुसती सरळ रेषा उसाच्या वर असून भागत नाही. पाऊण किलोमीटरच्या वाटेवर मधोमध त्या रेषेभोवती सगळीकडून तीनेक मीटर मोकळीक लागते. घराकडचा रिसीव्हर त्यांनी टीव्हीजवळ ठेवूच दिला नाही. बारीक केबलमध्ये ही लहर मीटरामीटराला मरते, म्हणून रिसीव्हर थेट छपरावर अँटेनेच्या मागं बांधला आणि खाली टीव्हीपर्यंत नुसती चित्राची पिवळ्या पिनची वायर आणली.

सांजेला लावलं. तात्या छपरावर. “आलं का?” खालून चिंगी ओरडली, “आलं! शेळीचे कानसुद्धा दिसतात!” 25 मिलिवॉटवर. उसाच्या डोक्यावरून.

इथं गोष्ट संपली असती, तर ती नुसती हुशारीची गोष्ट झाली असती.

आण्णांच्या मळ्याला लागून नानांचा मळा. नाना आण्णांचे चुलतभाऊ. मधला बांध कुणी कोरला यावरून दोन्ही घरांची बोलाचाली बंद होती, दावा कोर्टात होता. नानांच्या वासराला बिबट्यानं जखमी केलं, तेव्हा त्यांनीही कॅमेरा आणला. त्यांनी पैसे मोजून मोठाच आणला, 600 मिलिवॉटचा, त्याच 5,800 च्या पट्ट्यातला. ज्या दिवशी तो चालू झाला त्या दिवशी आण्णांच्या टीव्हीवर गोठ्याऐवजी नानांचं खळं दिसू लागलं. मधूनच गोठा, मधूनच खळं, मधूनच दोन्ही फाटून आडव्या पट्ट्या. असल्या संचात ज्याची लहर जोरकस, त्याचंच चित्र रिसीव्हर उचलतो.

दादा उसळला. “सहाशे? मी हजाराचा लावतो. पट्टा हाच, परवान्याचं काही नाही, खोडदलाही त्रास नाही. बघतो मग.”

आण्णांनी मुलाकडं पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत. भाऊकीतल्या भांडणात माणूस मुलाला आवरायला विसरतो.

तात्याही गप्प राहिले. त्यांनी फक्त पडवीतल्या खिळ्याकडं एकदा पाहिलं.

चिंगी उठली. खिळ्यावरची चार पाकळ्यांची डावी अँटेना काढली, फुंकर मारून धूळ झटकली. त्या रात्री तिनं तीन पाकळ्यांची आणखी एक केली, डावी, आणि ठिबकच्या नळीवर उलटे वेढे देऊन एक गुंडाळी. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती बांधावरून सरळ नानांच्या अंगणात गेली. कितीतरी वर्षांत आण्णांच्या घरातलं कुणी तिथं गेलं नव्हतं. काकूनं पाणी दिलं. नाना खाटेवरून उठले नाहीत.

“तुमचं चित्र आमच्यावर येतंय नाना.”

“मग? मी पैसं मोजल्यात.”

“तुमच्यावर आमचं येत नाही का?”

नाना बोलले नाहीत. काकू म्हणाली, “येतं गं. मधी मधी शेळ्या दिसतात तुमच्या.”

चिंगीनं पिशवी उघडली. “हे लावून बघा. नाही जमलं तर मी घेऊन जाते. ट्रान्समीटरला बाजूला बटण आहे, ते दाबून 25 वर आणा. चॅनेल पार दुसऱ्या टोकाचा घ्या. आमच्या अँटेना उजव्या आहेत, ह्या डाव्या. तुमचं आम्हाला ऐकू येणार नाही, आमचं तुम्हाला नाही. आणि गुंडाळी तुमच्या विहिरीकडं तोंड करून बांधा.”

“कमी केल्यावर वाढंल कसं?” नानांचा प्रश्न रास्त होता. दादानंही तोच विचारला असता.

“लावून बघा ना.”

नानांनी तिला शिडी धरून दिली. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत दोन वेगळी चित्रं होती, एकमेकांचा लवलेश नसलेली. चोवीसपट कमी ताकदीवर नानांचं खळं आधीपेक्षा स्वच्छ दिसत होतं. नाना टीव्हीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग कॅमेऱ्याचं तोंड जरा फिरवून या, असं मुलाला म्हणाले. फिरवल्यावर त्यात खळ्याबरोबर बांधाचा तुकडाही येऊ लागला.

पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात, एकच्या सुमारास, आण्णा काठी घेऊन निघाले होते. त्यांच्या टीव्हीवर गोठा शांत होता, स्टार्टरपाशी काही नव्हतं. चप्पल पायात घातली आणि मोबाईल वाजला. तो नंबर आण्णांनी कधीच पुसून टाकला होता, म्हणून नाव आलं नाही. आवाज मात्र लगेच ओळखला.

“भाऊ, निघू नको. वाघ बांधावर बसलाय. तुझ्या वाटंवर. माझ्या टीव्हीत दिसतोय.”

आण्णा ओट्यावर बसले. आजी आत होती, ती बाहेर आली. फोन चालूच राहिला. नाना तिकडून सांगत होते: उठला, बसला, तोंड तुमच्या उसाकडं, आता चालला. मग बिबट्याचं बोलणं संपलं आणि तरी कुणी फोन ठेवला नाही. लाईट किती वाजेपर्यंत आहे, वासराची जखम कशी आहे, कोर्टाची तारीख कधी आहे. तारखेचा विषय निघाल्यावर दोघं जरा थांबले. मग नाना म्हणाले, “वकिलाशी बोलू एकदा. दोघं मिळून.”

ही गोष्ट वस्त्यावस्त्यांवर पोचायला वेळ लागला नाही. नानांची बहीण ओढ्यापलीकडं दिलेली, तिचा मुलगा आला. शेजारचे दोघं-तिघं आले. सगळ्यांना कॅमेरा हवा होता आणि चिंगीच्या हातची अँटेना. सीओटूच्या तारेचं भेंडोळं तात्यांनी आधीच आणून ठेवलं होतं.

“आमची कुठल्या हाताची करणार?” नानांच्या भाच्यानं विचारलं. “उजवी झाली, डावी झाली. तिसरी?”

चिंगी थांबली. तात्यांकडं पाहिलं. तात्या हसत होते, पण उत्तर देत नव्हते.

“तिसरा हात नसतो,” ती म्हणाली. “आता चॅनेल वाटून घ्यावे लागतील. कोण कुणाच्या समोर येतो, कुणाचं तोंड कुठं, ते मांडून. आणि कुणीही 25 च्या वर जायचं नाही. एकानं वाढवलं की सगळ्यांचं जाईल.”

“आन् कुणी वाढवलं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तर त्याच्या घरी जाऊन अँटेना नीट करून द्यायची,” दादा म्हणाला. “रविवारी या सगळे. नाना, तुम्ही पण. गावाचा नकाशा तलाठ्याकडून मी आणतो.”

“नकाशा माझ्याकडं हाय,” नाना म्हणाले. “दाव्यासाठी काढलेला. तोच घेऊन येतो.”